सोनकीचे दात

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या मुलखावर राज्य कोण करत होतं हे आता कोणालाच सांगता येत नाही. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट फार हसवणारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डोंगरापलीकडे समुद्र होता आणि अलीकडे एक गाव. त्या गावात मिठाची ने-आण करणारा एक माणूस राहायचा. घाट उतरून मीठ आणायचं आणि सोनकी नावाच्या घोडीच्या पाठीवर लादून वर चढवायचं, हा त्याचा धंदा.

त्या मुलखात एक रीत होती. घोड्याचं तोंड उघडून दात बघायचे ते फक्त बाजारात. मालकाने घोड्याचं तोंड उघडलं, म्हणजे त्याने तो विकायला काढला. घरच्या घोड्याच्या तोंडात कोणी डोकावत नसे. डोकावलं तर घोड्याचं मन घरावरून उडतं, असं जुनी माणसं सांगत.

एकदा हा माणूस घाटात तापाने फणफणला. धुकं असं दाटलं होतं की स्वतःचा हात दिसेना. सोनकीने त्याला पाठीवर घेतलं, एकटीने वाट काढली आणि घराच्या दारात आणून उभं केलं. बरा झाल्यावर त्याने मिठावर हात ठेवून शपथ घेतली, "मी सोनकीचं तोंड कधी उघडणार नाही, कोणाला उघडू देणार नाही."

गावाने त्याचं कौतुक केलं. मीही केलं असतं.

काही वर्षं गेली. सोनकी लगाम घालताना मान झटकू लागली. त्याने लगामच काढून टाकला आणि तिला नुसत्या दोरीने नेऊ लागला. पण मग ती चारा तोंडात घेई, डोकं एका बाजूला कलतं करून हळूहळू चावी आणि अर्धवट चावलेला ओला गोळा खाली टाकून देई. लिदीत हरभरे अख्खेच्या अख्खे दिसू लागले. तोंडाला वास येऊ लागला. बरगड्या वर आल्या.

बायको म्हणाली, "अहो, भूक नाही म्हणून टाकत नाही ती. भूक आहे म्हणूनच पुन्हा पुन्हा तोंड घालते. चावताना काहीतरी दुखतंय तिला."

"दृष्ट लागली आहे," तो म्हणाला. त्याने तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि लांबच्या कुरणातून कोवळं गवत आणलं. गवताचेही गोळे झाले.

पुढे नाल ठोकायला म्हातारा नालबंद आला. त्याने खाली पडलेला एक गोळा उचलून बोटांत कुस्करला.

"घोड्याच्या दाढा वर्षानुवर्षं वर येत राहतात रे," तो म्हणाला. "सारख्या झिजल्या तर ठीक. नाहीतर कडांना धार येते आणि आतून गाल कापले जातात. माझ्याकडे लांब दांड्याची कानस आहे. तोंड उघड, तुमच्या भाकरी होईपर्यंत घासून देतो."

"खूर बघा, बाबा. तोंडाला हात नाही लावायचा."

"अरे, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"ते तिला कसं कळणार? तिला वाटेल, मी तिला विकायला काढली. माझी शपथ आहे."

"शपथ तुझी आणि उपाशी ती?"

त्याने वाकून सोनकीचा पाय उचलून नालबंदापुढे धरला. नालबंदाने चार नाल ठोकले आणि तो मान हलवत निघून गेला.

अशा गोष्टींत प्राणी बोलतात. सोनकी बोलली असती तर किती बरं झालं असतं! पण ती बोलली नाही. तिला जे सांगायचं होतं, ते रोज गव्हाणीपुढे पडत होतं.

थंडी सुरू झाली. एका सकाळी सोनकी भरल्या गव्हाणीपुढे आडवी झालेली दिसली. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मूठभर कोवळं गवत ओठांशी धरलं. तिने ते घेतलं. एकदा चावलं, दुसऱ्यांदा चावता आलं नाही. लाळेत रक्त होतं. थोड्या वेळाने तिचा श्वास थांबला आणि जबडा सैल पडून तोंड आपोआप उघडलं.

तेव्हा कुठे त्याने आत बोट घातलं. दाढेच्या कडेने ते कापलं. त्याने गाल चाचपला. आत जुन्या जखमा होत्या, त्यांच्यावर नव्या जखमा होत्या.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. बायको गव्हाणीतलं गवत काढू लागली.

त्याने पुन्हा घोडी ठेवली नाही. मीठ स्वतःच्या पाठीवर आणू लागला. नालबंदाकडून कानस चालवायला शिकला आणि वर्षातून दोनदा दारोदार फिरू लागला. लोक चिडून म्हणत, "आमची घोडी विकायची नाही."

"विकायची नाही ना?" तो म्हणे. "मग तोंड उघडून बघा."

काहींनी उघडून बघितलं. काहींनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

तात्पर्य: ज्याच्यावर माया आहे त्याचं दुखणं बघायच्या आड आपलाच नेम येत असेल, तर तो नेम वेळेवर मोडणं हीच खरी माया.