फेसाची कॉफी

भांडी बोलत असत त्या काळची गोष्ट. सगुणाबाईंच्या हॉटेलात एक पितळी चमचा होता. पहाटेपासून तो वाटीत कॉफी नि साखर फेटायचा. फेटून फेटून त्याची एक कड पार झिजली होती. "या कॉफीला एक दिवस माझं नाव लागेल," तो कपाला सांगायचा.

एकदा गिऱ्हाइकाने विचारलं, "बाई, हिला म्हणतात काय?"

सगुणाबाईंनी कपात डोकावून पाहिलं. "फेसाची कॉफी!"

तेच नाव गावभर झालं.

झिजका चमचा मोडीच्या टोपलीत पडला. त्याच्या जागी आलेल्या नव्या चमच्याने हौसेने विचारलं, "काका, कॉफीला माझं नाव लागेल ना?"

जुन्याला खरं सांगवेना. "लागेल की," तो म्हणाला. "जरा जोरात फेट."