मास्तरांचं ठिगळ

१४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन.

"आणि हे कशाला ठेवलंस?" मास्तरांनी विचारलं.

वसगडे मास्तर आमच्या दूध संघाच्या संगणक विभागातले सगळ्यांत जुने. महिनाअखेरीस निवृत्त होणार. इंद्रजित चौगुले त्यांचा शिष्य.

गावोगावच्या शीतकरण केंद्रांशी नेटवर्क तुटलं की गजर देणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते लिहिलंय बाहेरच्यांनी. त्यात आमच्यापुरते बदल घालून, त्याचं पॅकेज करून सगळ्या केंद्रांवर पाठवायचं, हे मास्तरांचं काम. त्या बदलांना ते ठिगळं म्हणतात.

अलीकडची अपग्रेडं इंद्रजितच करत आला होता. आता सगळं काम त्याला स्वतःच्या नावावर हवं होतं. मास्तर हो म्हणतील की नाही, ते आज ठरणार होतं.

नवी आवृत्ती त्यानं तयार करून आणली होती. बहुतेक ठिगळं काढून टाकली होती, कारण ती कामं आता मूळ सॉफ्टवेअर स्वतःच करतं. प्रत्येकाचं कारण त्यानं न अडखळता सांगितलं. एकच ठिगळ उरलं होतं.

"ते तुमचं आहे, मास्तर." इंद्रजित ताठ बसला. "दर अपग्रेडला ते बसत नाही. आजूबाजूचं सगळं हलवून मी बसवतो. पण तुमचं एक अक्षर बदललेलं नाही."

"करतं काय ते?"

इंद्रजित पडद्यावरच्या ओळी वर-खाली करू लागला.

"इंद्रजित, करतं काय?"

"तुम्ही लिहिलंय, म्हणजे काहीतरी असणारच."

मास्तर उठले. भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला वाहिलेलं जास्वंदीचं फूल त्यांनी काढलं आणि इंद्रजितच्या कीबोर्डवर ठेवलं. हात जोडले.

"झाली पूजा. आता वाच."

शेजारच्या टेबलावर मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घातली. इंद्रजितचे कान लाल झाले होते. फूल बाजूला ठेवून तो वाचत बसला.

बऱ्याच वेळानं बोलू लागला. पूर्वी केंद्रं टेलिफोनच्या तारेवर होती. तार सारखी जायची, यायची. म्हणून दहा मिनिटं थांबायचं आणि मगच गजर द्यायचा, एवढंच ते ठिगळ करत होतं. आता सगळीकडे फायबर आहे. तुटलं तर खरंच तुटलेलं असतं.

"म्हणजे आपला गजर दहा मिनिटं उशिरा वाजतोय," तो हळू म्हणाला. "तुमच्या ठिगळामुळे."

"मी ते एकदाच लावलं. परत परत बसवलंस तू."

"तुम्हाला ठाऊक होतं, मास्तर?"

"विसरलो होतो. म्हणून तर विचारलं."

काढू का, असं इंद्रजितनं विचारलं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. ठिगळ काढलं, पॅकेज नव्यानं बांधलं, चाचणीच्या मशिनवर चढवलं आणि तिथली नेटवर्कची केबल ओढून काढली.

गजर लगेच वाजला.

मास्तर चष्मा पुसू लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

मग बदलांची नोंद लिहायची होती. ती पॅकेजबरोबर सगळ्या केंद्रांवर जाते. इंद्रजितनं लिहिलं, एक जुनं ठिगळ काढलं. मास्तरांनी वाकून वाचलं.

"'एक जुनं' काय? माझं नाव घाल," ते म्हणाले. "ठळक अक्षरांत. आणि खाली तुझं."

संध्याकाळी ती आवृत्ती सगळ्या केंद्रांवर गेली. नोंद दोन ओळींची होती.

वसगडे मास्तरांचं ठिगळ काढलं.

सांभाळणार: इंद्रजित चौगुले.