चुन्याचं धुकं

आंबेखोलच्या देवळात उजव्या भिंतीवर डोंगर रंगवलेले आहेत. शिखरं रेखीव, ठसठशीत. खाली मात्र सगळं दाट धुक्यात बुडालेलं. जवळून पाहिलं तर त्या धुक्यात बोटांचे फराटे दिसतात. देवळाचा म्हातारा पुजारी सोमा गुरव आल्यागेल्याला त्यांची हकिकत सांगतो.

पेंढाऱ्यांच्या धाडी पडत त्या काळी घाटाची राखण सुभानजी नाईकाकडे होती म्हणे. धाड आली की तो गावाला चोरवाटेने डोंगरातल्या घळीत नेई. ती वाट परक्या कुणाला ठाऊक नव्हती. अशात देऊळ रंगवायला तळकोकणातून भिवा चितारी आला. तो तासन्‌तास कड्यावर बसे, डोंगर न्याहाळी, गुराख्यांना विचारी, “धुकं विरलं की तिथं काय दिसतं?” सुभानजीच्या मनात पाल चुकचुकली. त्याने भिवावर नजर ठेवली.

चित्र होत आलं तसा तो बघायला गेला. भिंतीवर पायथ्यापासून घळीपर्यंतची वाट जशीच्या तशी उतरली होती.

“ही कुणासाठी काढलीस?”

“कुणासाठी नाही, नाईक. दिसली ती काढली.”

“आणि नेमकी हीच दिसली?”

सुभानजीने त्याला देवळातच कोंडलं. भिंत खरवडायला माणसं बोलावतो तोच खिंडीत घोड्यांची धूळ उठली. आता त्याला संशयच उरला नाही. गाव पळत सुटलं. सुभानजीची बायको म्हणाली, “अहो, तो आत अडकलाय.”

“त्याचेच सोबती आलेत. सोडवतील.”

घळीच्या तोंडाशी सुभानजी तलवार घेऊन वाट बघत राहिला. वर कुणीच आलं नाही.

धाड ओसरल्यावर गाव खाली उतरलं. देवळाचं दार फोडलेलं होतं. भिंतीपाशी भिवा मरून पडला होता, आणि त्याचे हात कोपरापर्यंत चुन्याने माखले होते. भिंतीवर वाट उरली नव्हती; तिच्यावर बोटांनी फासलेलं चुन्याचं धुकं होतं. मारेकऱ्यांनी त्याला घळीची वाट किती विचारली असेल, कोण जाणे. सुभानजीने ते चुन्याने भाजलेले हात स्वतः धुतले, असं सांगतात. पेंढाऱ्यांना गाव कुणी दाखवलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आजही दसऱ्याला नाईकांच्या घरातला कर्ता पुरुष त्या धुक्यावर उघड्या हाताने चुना फिरवतो. आणि परका माणूस गावात आला की आधी गूळपाणी देतात. कोण, कुठला, हे मागाहून. सोमा एवढं सांगून थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, की आपलं नाव अजून कुणी विचारलेलं नाही.