दोरा ओवण्याआधी

एकदा एका वैशाखात सकाळपासून असा वारा सुटला होता, की गावातली एकही वस्तू ठेवल्या जागी राहीना. वाळत घातलेली धोतरं कुंपणावर जाऊन बसली. पाचोळा गोल गोल फिरत देवळाच्या पायरीपर्यंत जाई आणि पुन्हा मागं येई. आभाळ मातीच्या रंगाचं झालं होतं. ढग नव्हते, पाऊस नव्हता. नुसतं ऊन आणि वारा. अशा दिवशी माणसाचं चित्त ठिकाणावर राहत नाही, आणि ज्याचं मुळातच नसेल त्याचं तर विचारूच नये.

त्या वाऱ्यातून हणमंत नावाचा एक गृहस्थ खांद्यावर शिलाई मशीन घेऊन चालला होता. मशीन गोणपाटात गुंडाळलेलं होतं. टेबलावर ठेवून हातानं चाक फिरवायचं, असं साधं घरगुती मशीन. ओझं फार नव्हतं, पण हणमंत धापा टाकत होता, कारण तो चालत नव्हता, जवळजवळ पळत होता.

आता हा हणमंत कोण, ते सांगायला हवं. त्याची उभी हयात मालट्रकवर गेली. माल भरून झाला की वर ताडपत्री ओढायची आणि दोरानं आवळायची, हे त्याचं काम. त्यानं बांधलेली ताडपत्री कधी घाटात फडफडली नाही, अशी त्याची ख्याती होती. कोणतीही गोष्ट हाती आली की आधी ती घट्ट दाबायची, हलू द्यायची नाही, मग पुढचं बघायचं. ही रीत त्याच्या हाडांत मुरली होती. कामातून निवृत्त झाला तरी रीत निवृत्त झाली नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी कुंदा. तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं, म्हणून ती गुढीपाडव्याच्या सुमारास माहेरी परत आली. रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मला बसून खायचं नाही." हणमंतानं लगेच तालुक्याला जाऊन मशीन आणलं. शेजारच्या मालननं नातीच्या पोलक्याचं कापड दिलं. कुंदा मशीनपुढं बसली, आणि हणमंत तिच्या पाठीमागं उभा राहिला.

तिथंच सगळं फिसकटलं. "कापड हललं बघ," तो म्हणे. "थांब, मी दाबून देतो. आता ओव. अगं, दोरा तिकडून नाही, इकडून." तो मागून हात घाली, कापड सारखं करी, दाबून पक्कं करी. कुंदा दोरा ओवी, चाक फिरवी, आणि कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा असा गुंता होई की जणू चिमणीनं घरटं बांधायला घेतलं आहे. तो उसवायचा, पुन्हा शिवायचं, पुन्हा घरटं. शेवटी त्या वाऱ्याच्या दिवशी सकाळी गुंता ओढून काढताना पोलक्याची बाही टर्रकन फाटली.

कुंदानं फाटलेला तुकडा घडी करून बाजूला ठेवला. "बाबा, मी उद्या सकाळच्या गाडीनं मामाकडं जाते. तिथं खानावळीत पोळ्या लाटायला बाई पाहिजे आहे. इथं माझ्यानं काही व्हायचं नाही."

ती हे चिडून बोलली असती तर हणमंतानं तिला गप्प केलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. म्हणूनच तो घाबरला. नवऱ्याचं घर सोडतानाही ती अशीच बोलली होती, आणि मग मागं वळून पाहिलं नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला केरबाआप्पा राहत. एके काळी गावातल्या प्रत्येक नवरदेवाचा सदरा त्यांच्या हातचा असे. आता नजर मंदावली होती, शिवण सुटली होती; पण कुणाचं मशीन अडलं, कुणाचं मन अडलं, की लोक त्यांच्या ओसरीवर येत. हणमंत आला तो मशीन धाडकन ठेवूनच बोलू लागला.

"आप्पा, हे खाली गुंता करतंय. दुरुस्त करा. नाहीतर मला शिवायला शिकवा. मी शिकतो आणि पोरीला शिकवतो."

"पोरीलाच का नाही आणलंस?"

"तिच्यानं नाही व्हायचं. तिचा हात फार हलका आहे."

"शिंप्याचा हात जड असलेला मी तरी पाहिला नाही बाबा," आप्पा हसले. "तुझा आहे खरा. मघाशी मशीन ठेवलंस तेव्हा आमचा माठ दचकला."

"थट्टा नको आप्पा. ती उद्या सकाळी निघाली आहे. मशीन चालू झालं तर थांबेल. नाहीतर घर रिकामं."

"बरं, बस. तू शिवतोस कसा ते दाखव."

हणमंतानं मशीन उघडलं. आधी त्यानं खालची झाकणी सरकवून बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाची, डबी काढली, तिच्यात फुंकर मारली, बॉबिनवरचा सगळा दोरा सोडून नव्यानं गुंडाळला. तेल घातलं. फडक्यानं पुसलं. हे सगळं तो घरीही करून चुकला होता. मग त्यानं चिंधी सुईखाली सरकवली, मागची दांडी खाली केली आणि कापडावर टेकणारा तो छोटा पोलादी पाय चिंधीवर दाबून बसवला. वारा होता ना! कापड उडता कामा नये. चिंधी अशी जखडल्यावर त्यानं वरच्या रिळाचा दोरा ओवायला घेतला. ओवून झाला, चाक फिरवलं, चिंधी उलटी केली. घरटं तयार.

"बघा! खालचं काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला आणि पुन्हा डबी काढायला वाकला.

केरबाआप्पांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. ते उठले आणि ओसरीच्या दाराची मिटलेली दुसरी फळीही त्यांनी सताड उघडली. वारा भस्सकन आत आला. मग आप्पांनी कात्रीनं दोरा कापून पार काढून टाकला, मागची दांडी वर केली, पोलादी पाय उचलला गेला, आणि चिंधी उडून थेट अंगणात गेली.

"आप्पा!" हणमंत ओरडला आणि मागं धावला. अंगणातल्या शेळीनं चिंधीचं टोक तोंडात धरलं होतं. तिच्याशी झटापट करून त्यानं ती आणली, सुईखाली ठेवली, पाय खाली दाबला आणि दोरा हातात घेतला.

आप्पांनी पुन्हा दांडी वर केली. चिंधी पुन्हा उडाली. ह्या वेळी ती बाभळीत अडकली.

हणमंतानं ती काढून आणली तेव्हा त्याच्या हातावर ओरखडे उठले होते. "हा काय पोरखेळ आहे? माझ्या घरात आग लागलीय आणि तुम्ही मला चिंध्यांमागं पळवताय!"

"मी कुठं पळवतोय? तूच पळतोयस. ती राहू दे बाजूला. तू दोरा ओव."

"कापड नसताना शिवू काय?"

"शिवायची वेळ अजून आलीच कुठं? ओव."

हणमंत बसला. पाय वर उचललेला, सुईखाली काही नाही, दाबायला काही नाही. त्याला आपल्या डाव्या हाताचं काय करावं हेच कळेना. तो हात दोनदा दांडीकडं गेला आणि दोनदा आप्पांनी तो हलकेच बाजूला केला. वारा ओसरीभर हिंडत होता. रिळाचा दोरा थरथरत होता. हणमंतानं तो वरच्या कडीतून घेतला, दोन चकत्यांच्या मधून खाली आणला, तारेच्या आकड्यातून वर नेऊन सुईत ओवला.

"आता ओढून बघ," आप्पा म्हणाले.

त्यानं ओढला. दोरा सुळकन आला.

"आता पाय खाली सोड, आणि ओढ."

ह्या वेळी दोरा आला नाही. कुणीतरी आत धरून ठेवल्यासारखा तो ताठ झाला आणि सुईच किंचित वाकली. हणमंत चमकला. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आपला रुमाल काढून त्याच्यापुढं केला. त्यानं तो सुईखाली घेतला, पाय टेकवला, चाक फिरवलं. शिवण वरून सरळ आली. त्यानं भीत भीत रुमाल उलटा केला. खालूनही तशीच सरळ होती.

बराच वेळ तो त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. "पण आप्पा, ह्या खेपेला मी खालचं तर काहीच केलं नाही."

तेव्हा केरबाआप्पा म्हणाले, "खालचं बिघडलंच नव्हतं, हणमंता. गुंता खाली दिसतो, म्हणून माणूस खालीच बोटं घालत बसतो. ह्या दोन चकत्या बघ. पाय वर असला की त्या सैल होतात, आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. मग पाय टेकला की त्या त्याला धरतात. तू आधीच पाय दाबतोस. चकत्या मिटून जातात, दोरा बाहेरच्या बाहेर राहतो, आणि तुला वाटतं आपण सगळं पक्कं केलं. त्या दोऱ्याला कुणीच धरलेलं नसतं रे. मग तो खाली जाऊन गोळा होतो. दाब वाईट नाही. त्याच्यावाचून शिवण होत नाही. पण आत बसायला जागा देण्याआधीच दाबलं, तर जे धरायला निघालो तेच सुटून जातं."

आप्पांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुंदा दोरा ओवते, तेव्हा हा पाय खाली कोण करतं?"

हणमंतानं मशीन गोणपाटात गुंडाळलं, आप्पांच्या पायांना हात लावला आणि तो निघाला. परतताना तो पळत नव्हता. मनातली तगमग मात्र गेली नव्हती. ती अशी एका शिवणीनं जात नसते.

घरी कुंदा कपड्यांच्या घड्या करत होती. पिशवी दाराशी भरून ठेवलेली. हणमंतानं मशीन टेबलावर ठेवलं. त्याच्या जिभेवर एकदम दहा वाक्यं आली. चकत्या दाखवाव्यात, ओवून द्यावं, एक शिवण मारून दाखवावी, पिशवी उचलून माळ्यावर टाकावी. त्याचा हात दांडीकडं गेलासुद्धा. तो हात त्यानं मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला. "मी कापड आधी दाबत होतो, ते चुकत होतं. ओवताना हा पाय वर असू दे. एवढंच."

कुंदा त्याच्याकडं बघत राहिली. "बाबा, मी सकाळी जाणार आहे."

"बरं."

हा एवढासा शब्द काढणं त्याला फार जड गेलं. जन्मभर त्यानं आवळलेला दोर स्वतःहून कधी सोडला नव्हता. "जायचं झालं तर पिशवी गाडीपर्यंत मी घेईन," तो म्हणाला. "मी जरा मालनच्या ओट्यावर बसतो."

"ऊन आहे बाहेर."

"असू दे."

मालन ओट्यावर सांडग्यांची परात सांभाळत होती. वरचं लुगडं वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. "काय भावजी, वाऱ्याबरोबर आलात?" ती म्हणाली. हणमंत बसला. लगेच उठला. पुन्हा बसला.

"मुंगळ्यांवर बसलात की काय?"

"नाही. आत काही ऐकू येतंय का, ते बघत होतो."

"काय यायचंय ऐकू?"

काहीच येत नव्हतं. वारा तेवढा पत्र्यावर खडखडत होता. ती घड्याच करत बसली असेल. दोन गल्ल्यांपलीकडं एसटीचा भोंगा वाजला तसा हणमंताचा जीव वर आला, जणू ती गाडी आजच तिला न्यायला आली आहे. आपण अजून थोडं समजावून सांगायला हवं होतं. चकत्यांचं तरी सांगायला हवं होतं. तो उठला, दोन पावलं गेला आणि मागं फिरला. मालन त्याच्याकडं बघून डोकं हलवत राहिली.

मग दारात कुंदा आली. तिच्या हातात फाटलेल्या बाहीचा तुकडा होता. बापाकडं न बघता ती मालनला म्हणाली, "मावशी, तुमच्या कापडाची बाही माझ्या हातून फाटली. आखूड केली तर चालेल का?"

"कर की. उन्हाळ्यात पोरीला लांब बाही हवीय कशाला? आणि मिळेल कधी?"

वाऱ्यानं डोळ्यांवर आलेले केस कुंदानं मागं सारले. "उद्या संध्याकाळी देते," ती म्हणाली आणि आत गेली.

हणमंत पुन्हा ओट्यावर बसला. थोड्या वेळानं आतून मशीनचा आवाज आला. आधी अडखळत, मग एकसारखा, दमादमानं. तो ऐकत राहिला. आणि एकाएकी आवाज बंद पडला. हणमंत ताडकन उठला, चपलेत पाय घालू लागला.

मालन सांडगे उलटता उलटता त्याला म्हणाली, "बसा हो भावजी. दोरा तुटला असेल, ओवेल की ती."