शेकरूबाईंचा सरदार

फार पूर्वी, जंगलातही सरदार असत तेव्हाची गोष्ट. अंगभर चिलखत मिरवणारे खवले मांजर, म्हणजे सरदार खवलेराव, शेकरूबाईंवर भाळले होते. बाईंनी आपल्याशी घटकाभर बोलावं, एवढ्या आशेवर ते रोज त्यांच्या झाडाखाली पहारा देत.

एकदा कोल्हा आला. "बाईसाहेब, घाबरू नका, मी आहे!" असं ओरडून खवलेरावांनी अंगाचा घट्ट गोळा केला. कोल्ह्यानं गोळा हुंगला, पायानं ढकलला आणि कंटाळून निघून गेला.

फांदीवरून शेकरूबाईंनी विचारलं, "सरदार, कशी झाली लढाई?"

"मला काय ठाऊक? मी आत होतो," खवलेराव ओशाळून म्हणाले. "तुम्ही वरून पाहिलीत ना? मग तुम्हीच सांगा."

शेकरूबाई हसत हसत खालच्या फांदीवर आल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.