न वाजणारा पंखा

“...म्हणजे तो आवाज बंद झाला, की ध्यान लागेल?” भंतेंनी विचारलं.

“लागेलच,” उत्पला म्हणाली.

“आणि नाही लागलं तर?”

“भंते, आवाज बंद करणं हेच माझं काम आहे. पुण्यात ज्या खोल्यांमध्ये गाणी ध्वनिमुद्रित होतात, तिथले पंखे मी गप्प करते. गायकाचा श्वास ऐकू यावा, पण पंखा नाही. इथे बसले की मला दुसरं काही ऐकूच येत नाही. फक्त घुंईं... घुंईं...”

भंते विमलसार अंगणातली पळसाची पानं झाडत होते. त्यांनी खराटा थांबवला आणि कान देऊन ऐकलं. आवाज खरंच येत होता.

विहार टेकडीच्या उतारावर होता. विदर्भातलं ऊन सोसवत नाही म्हणून ध्यानाच्या कोठड्या अर्ध्या जमिनीत खोदलेल्या. एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा. खिडकी नाही. मागच्या भिंतीत एक छोटा पंखा बाहेरची हवा आत ढकलायचा, आणि कोंदलेली हवा दारावरच्या जाळीतून समोरच्या ओसरीत निघून जायची.

उत्पला रामटेके झोप हरवून इथे आली होती. कुठेतरी शांत बसा, असं डॉक्टर म्हणाले होते. ती आली, बसली, आणि पंख्यावर चिडून बाहेर आली.

“इतर साधक कधी काही म्हणाले नाहीत,” भंते म्हणाले.

“त्यांचे कान तयार नाहीत.”

भंते हसले.

“मग कर बंद,” ते म्हणाले. “मला दाखव तरी कसं करतात.”

तिला हे अपेक्षित नव्हतं. आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, असं काहीतरी ते सांगतील आणि आपण वाद घालू, अशी तिची तयारी होती. आता वादच उरला नाही.

ती त्यांना एका रिकाम्या कोठडीत घेऊन गेली.

“भिंतीला हात लावा, भंते.”

त्यांनी तळवा टेकवला. भिंत थरथरत होती.

“पंखा थेट भिंतीला ठोकलाय. त्यामुळे अख्खी भिंत गुणगुणते. पंख्यापेक्षा भिंतीचाच आवाज जास्त. शिवाय पंखा लहान, म्हणून त्याला जीव तोडून फिरावं लागतं. आणि जाळी इतकी बारीक, की हवा तिच्यातून शिट्टी मारत जाते.”

“वा!” भंते म्हणाले. खरंच म्हणाले. “इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून बसतोय. मला वाटायचं पंखाच बोलतो.”

काम सुरू झालं. तिनं छोटे पंखे काढले. सगळ्या कोठड्यांसाठी मिळून एकच मोठा पंखा आणला. पट्ट्यावर चालणारा, बैलगाडीच्या चाकासारखा संथ फिरणारा. तो कोठड्यांपासून लांब, टेकडीच्या मागे, रबराच्या जाड गाद्यांवर बसवला. पंखा आणि कोठड्यांपर्यंत हवा नेणारा पत्र्याचा बोगदा यांच्यामध्ये कॅनव्हासची बाही शिवली, म्हणजे थरथर पुढे जायला नको. बोगद्याला मुद्दाम वळणं दिली आणि आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला.

“वळणं कशाला?” भंतेंनी विचारलं. ते पत्र्याचं दुसरं टोक धरून उभे होते.

“हवा वळते, भंते. आवाज भिंतीवर आपटतो, नमद्यात शिरतो आणि तिथेच मरतो.”

“म्हणजे हवेला येऊ द्यायचं आणि आवाजाला नाही.”

“हो.”

“फार सुंदर,” भंते म्हणाले, आणि पत्रा आणखी घट्ट धरला.

शेवटी दारांवरच्या बारीक जाळ्या काढून तिनं मोठ्या, मोकळ्या जाळ्या बसवल्या. मग बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही.

भंते एका कोठडीत जाऊन बसले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. बाहेर आले तेव्हा त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“साधु, साधु, साधु.”

उत्पलानं मान खाली घातली, पण तिला आतून फार बरं वाटलं. आपल्याला ठाऊक होतंच, असं वाटलं.

विहारात सगळे तिचं कौतुक करू लागले. सगळ्यात जास्त तानाबाई वासनिक. तानाबाई वयानं थकलेल्या, छातीत दमा, पण बैठक सगळ्यांत लांब त्यांचीच.

“काय केलं वो पोरी तू!” त्या म्हणाल्या. “माह्या मनात काय चालते, ते मलेच आयकू येऊन राहिलं.”

त्यानंतरच्या पौर्णिमेची गोष्ट. सकाळच्या बैठकीला सगळे आपापल्या कोठडीत गेले. उत्पलानं दार ओढलं, डोळे मिटले.

शांतता... इतकी, की स्वतःच्या पापणीचा आवाज यावा.

हळूहळू तिचं अंग जड झालं. विचार विरळ झाले. एक विचार यायचा आणि अर्ध्यावरच विरून जायचा. श्वास खोल खोल जाऊ लागला. डोकं थोडं दुखत होतं, पण तेही लांबून, दुसऱ्या कुणाचं दुखावं तसं. तिला हसू आलं. हेच, तिला वाटलं. ज्याच्यासाठी आले, ते हेच.

आणि खाड्कन दार उघडलं.

उजेडात भंते उभे होते.

“बाहेर ये.”

“भंते, आता नको... आत्ताच लागलंय...”

“बाहेर ये, उत्पला.”

त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं नाही. भिक्खू स्त्रीला हात लावत नाहीत. पण आवाज असा होता, की ती उठलीच. ओसरीत येताच वारा तोंडावर आला आणि तिला भोवळ आली. ती खांबाला धरून बसली.

भंते पुढच्या दाराकडे गेले होते. एकेक दार उघडत होते. माणसं डोळे चोळत, अडखळत बाहेर येत होती. शेवटचं दार तानाबाईंचं.

तानाबाई बाहेर आल्या नाहीत.

दोघी-तिघींनी त्यांना उचलून अंगणात आणलं. ओठ काळेनिळे पडले होते. कुणी पदरानं वारा घातला, कुणी दम्याचं औषध तोंडाशी धरलं. भंते उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मग तानाबाईंनी एक लांब, खरखरीत श्वास ओढला. मग दुसरा.

“काय झालं?” त्या म्हणाल्या. “काहून उठवलं मले? किती गोड झोप लागली होती...”

एका बाईला रडू फुटलं.

उत्पला भंतेंजवळ आली. तिचं डोकं ठणकत होतं, तरी चेहऱ्यावर अजून ते हसू होतं.

“भंते, आज मला पहिल्यांदा लागलं. अंग जड झालं. विचार थांबले. मी कुठे आहे तेही...”

“पंखा थांबला आहे,” भंते म्हणाले.

तिचं हसू गेलं.

“कधीचा?”

“ठाऊक नाही. थांबला, ते कुणाला ऐकू आलं नाही.”

ती धावत टेकडीमागे गेली. पट्टा तुटून मेलेल्या सापासारखा जमिनीवर पडला होता. मोटर आपली फिरत होती, मुळीच आवाज न करता, आणि पंखा जागच्या जागी उभा होता.

परत आली तेव्हा ती रडत होती.

“म्हणजे माझं ध्यान...”

भंतेंनी तिला पाण्याचा तांब्या दिला.

“पी.”

ती प्यायली.

“तुम्हाला कसं कळलं, भंते? तुम्ही तर ओसरीत होतात. आवाज तर आधीपासूनच नव्हता.”

भंतेंनी उजवा हात वर केला आणि जवळच्या दारावरच्या जाळीपुढे तळवा धरला. क्षणभर तसाच ठेवला. मग पुढच्या दारापुढे.

उत्पलाला आठवलं. बैठक चालू असताना भंते ओसरीत संथपणे येरझारा घालत आणि प्रत्येक दारापुढे थांबून असाच हात वर करत. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. नवे साधक एकमेकांना सांगत, भंते बसलेल्यांना आशीर्वाद देतात.

ते हवा बघत होते.

“जुने पंखे होते तेव्हासुद्धा?” तिनं विचारलं.

“तेव्हा कान पुरत होते. हात धरतो, ते तू आवाज बंद केलास तेव्हापासून.”



“मी सगळं काढून टाकते. आजच. ते जुने पंखे परत लावते. वाजू देत. निदान चालू आहेत हे तरी कळेल.”

“नोको वो,” अंगणातून तानाबाईंचा आवाज आला. त्या उशाला घेतलेल्या चादरीवरून मान उचलून बोलत होत्या. “इतकी चांगली शांती हाये. ते मोडू नोको बाप्पा.”

“आजी, तुमचा जीव गेला असता!”

“गेला का?”

उत्पलानं डोळे पुसले.

भंते म्हणाले, “तुझ्या कामात खोट नाही. इतकं चांगलं काम मी पाहिलं नव्हतं. त्यानं जेवढं करायचं तेवढं केलं. आता त्याच्यापुढचं करू.”

“मी दिवा लावते,” ती घाईघाईनं म्हणाली. “हवा थांबली की लाल दिवा लागेल. घंटाही वाजेल.”

“लाव.”

“उद्याच मागवते.”

“मागव. तोवर...”

ते आत गेले आणि एक जुनं चीवर घेऊन आले. अंगावरून उतरून फरशी पुसायला गेलेलं, धुऊन धुऊन रंग विटलेलं. त्यांनी काठ दातात धरून फाडला. टर्रकन आवाज झाला. एक पट्टी. दुसरी. ओसरीतली माणसं जवळ सरकली. कुणी न सांगता तेही फाडायला लागले.

टेकडीमागे उत्पलानं नवा पट्टा चढवला. परत आली तेव्हा प्रत्येक दारावरच्या जाळीला, बाहेरच्या बाजूनं, एकेक भगवट चिंधी बांधलेली होती. सगळ्या चिंध्या आतून येणाऱ्या हवेवर तरंगत होत्या. आवाज काही नव्हता. पण हवा आता दिसत होती.

उत्पला एकेका दारापुढून चालत गेली. इतक्या वर्षांत तिनं किती खोल्या गप्प केल्या होत्या. त्यातल्या एकाही खोलीत, आतल्या माणसाचं काय, हे तिनं विचारलं नव्हतं.

तिनं वाकून भंतेंना वंदन केलं. या वेळी डोकं जमिनीला टेकलं.

“उद्यापासून मी पुन्हा बसू, भंते?”

“बस की.”

ती आपल्या कोठडीच्या दारापाशी गेली आणि थबकली.

“पण ही चिंधी बाहेर आहे. मी आत. दार लावलेलं, डोळे मिटलेले. ती थांबली तर मला दिसणार कशी?”

“नाही दिसणार.”

“मग?”

“तुझी दुसरा कुणी पाहील. तू दुसऱ्या कुणाची पाहा. पाळीपाळीनं एकानं ओसरीत राहायचं.”

तिनं चिंध्यांच्या रांगेकडे पाहिलं. बैठका लांब होत्या, आणि ती फार दुरून आली होती.

“भंते... म्हणजे बाकीचे सगळे आत ध्यान करणार आणि एकजण बाहेर चिंध्या बघत बसणार?”

“हो.”

“मग त्याचं ध्यान?”

भंतेंनी खराटा उचलला. पळसाची पानं पुन्हा गळून पडली होती.

“मग तो काय करत असतो, असं वाटलं तुला?”