वेत्रायणाची न बसलेली गाठ

कृतयुग तेव्हा कोवळे होते. पर्वतांचे पंख नुकतेच छाटले गेले होते, नद्या आपापली पात्रे शोधीत हिंडत होत्या, आणि माणूस अजून खोटे बोलायला शिकला नव्हता. आळस मात्र त्याला तेव्हाही येत होता. त्या काळी वेत्रवतीच्या तीरावर, कदंब-जांभळींच्या निबिड छायेत, जिथे हरिणी समिधांच्या भाऱ्यावर मान टाकून निःशंक झोपत, तिथे वेत्रायण नावाच्या ऋषीचा आश्रम होता.

वेत्रायण बुद्धीने प्रखर. एकदा कानावर पडलेले जन्मात विसरायचा नाही. पण गुरुगृही बाकीचे शिष्य माती तुडवीत, दोर वळीत, गाय दोहताना लाथा खात, तेव्हा हा कडेला बसून बघायचा. म्हणायचा, "हातांना घट्टे पाडून घेणे हे बुद्धिमंताचे लक्षण नव्हे." पुढे त्याने घोर तप मांडले. अंगावर वारूळ चढेपर्यंत एका पायावर उभा राहिला. एवढ्या काळात कितीतरी कला शिकून झाल्या असत्या, पण त्याला सांगणार कोण?

हंसारूढ चतुरानन प्रकट झाला. "वत्सा, काय हवे?"

"चौसष्ट कला मला न करता याव्यात."

ब्रह्मदेव अवघडला. "बाळा, ही सृष्टी उभी करण्याआधी मी पुष्कळ मोडली आहे. पहिला हत्ती तर पायांवर उभाच राहत नव्हता. हातात माती घेतल्याशिवाय मलाही काही उमगले नाही. दुसरे काही माग."

"देणे जमत नसेल तर तसे सांगा, पितामह. मी शंकराकडे जातो."

असे बोलले की देव चिडतात आणि देऊन मोकळे होतात. "शब्दांत सांगता येते तेवढे सगळे तुला दिले," ब्रह्मदेव म्हणाला. वेत्रायणाला वाटले, आणखी उरते काय?

मग काय विचारता. रथकार येऊन चाकाच्या आऱ्यांचे माप विचारीत, राजे दुर्गांची रचना विचारीत, आणि हा मृगाजिनावर बसून सगळ्यांना अचूक सांगे. स्वतः त्याने कधी पाण्याचा घडाही उचलला नाही. पर्णकुटीचे छप्पर दर वर्षी शिष्य शाकारीत. हा खाली उभा राहून चुका काढी.

त्या वर्षी जुने गवत उतरवून झाले, नवे कापून पडले, आणि तेवढ्यात करकासुर उठला. मेघांना गोठवून त्यांचे पाषाण करणारा, श्वासाने सरोवरे फोडणारा तो दैत्य अमरावतीवर चालून गेला. इंद्राला बळ मिळावे म्हणून शिष्यांसकट सगळे तरुण तपस्वी पर्वतावर यज्ञाला गेले. आश्रमात राहिला वेत्रायण आणि दिवस भरत आलेली त्याची पत्नी शमीका.

"स्वामी, छप्पर उघडे आहे," शमीका म्हणाली.

"चिंता नको. तृणाच्छादनाचे अठरा प्रकार मला अवगत आहेत."

"मग एखादा वर चढवा."

"तू आरंभ कर. मी सांगतो."

शमीकेने हे काम जन्मात केले नव्हते. पोट सांभाळीत ती शिडीवर चढली. पहिली ओळ घसरून खाली आली. दुसरी वाऱ्याने नेली. वेत्रायण खालून म्हणाला, "हे शास्त्राला धरून नाही."

"शास्त्राला सांगा वर यायला," ती म्हणाली आणि पुन्हा सोडून पुन्हा बांधू लागली. कुठे दाबायचे, पेंढ्या बांधायचा तंतूंचा वाख किती ओला हवा, कधी ओढायचे, हे बोटे सोलत सोलत तिला कळत गेले. निम्मे छप्पर झाले, वाकडेतिकडे पण घट्ट, आणि तिला कळा सुरू झाल्या.

"उरलेले तुम्ही करा," दारातून आत जाताना ती म्हणाली. "निदान एक पेंढी बांधून बघा. हात लागू द्या."

"जे येते ते काय बघायचे," वेत्रायण म्हणाला, आणि अंगराज्याहून आलेल्या पंडितांशी वाद करायला बसला.

मुलगा झाला. पंडित निघून गेले. त्याच संध्याकाळी आकाशात ऐरावत आणि करकासुर भिडले. वज्राच्या प्रहारासरशी दैत्याच्या देहाचे तुकडे उडत आणि नारळाएवढ्या गारा होऊन पृथ्वीवर येत. वृक्ष उन्मळले, हरिणे जागच्या जागी पडली. शमीका बाळाला घेऊन आपण शाकारलेल्या बाजूखाली सरकली. पण उघड्या बाजूने वारा आत शिरला, त्याने कडेच्या पेंढीखाली बोटे घातली आणि ती उचलली.

वेत्रायण शिडीवर चढला. कुठली गाठ, कसा फेरा, किती ताण, सगळे त्याच्या डोक्यात लख्ख होते. त्याने वाख ओढला. तो बोटांतून निसटला. पुन्हा ओढला; तुटला. पेंढी गेली. तिच्यामागची सुटली. शमीकेने बांधलेली एकेक ओळ त्याच्या डोळ्यांसमोर तिच्या आणि बाळाच्या दिशेने उसवत येऊ लागली.

"प्रथम दक्षिणावर्त फेरा, मग..." तो पुटपुटत होता.

"म्हणू नका. धरा."

"धरतोच आहे. राहत नाही गं."

शेवटची ओळ गेली तेव्हा शमीका बाळावर पालथी झाली. "बाळ माझ्याखाली आहे," ती म्हणाली. "तुम्ही बांधत राहा." पहिली गार तिच्या पाठीवर पडली.

वेत्रायणाने आकाशाकडे तोंड केले. "पितामह, माझ्या हातांना एवढी एकच गाठ द्या."

ब्रह्मदेव आला. चारही मुखे खाली घालून उभा राहिला. "ते माझ्या भांडारात नाही. कुणाच्याच नाही. असते तर दिले नसते का?"

देव उभा होता, ऋषी बांधत होता, आणि गारा पडत होत्या.

युद्ध सरले. शिष्य परतले. त्यांनी शमीकेच्या थंड देहाखालून रडणारे मूल काढले. वेत्रायण अजून शिडीवरच होता, हातांत वाख. त्याने पितामहाला एवढेच म्हटले, "मला शिकायला जन्म द्या."

"देतो," ब्रह्मदेव म्हणाला. "पण हात मिळणार नाहीत, होते तेव्हा तू ते वापरले नाहीस. चोच घे. आज येते त्यातला एक शब्दही आठवणार नाही. शिकवायला कोणी येणार नाही. शमीका तुझ्याच जातीत जन्मेल, तुझे काम तपासील, आणि पटेल तरच घरट्यात पाऊल टाकील."

तेव्हापासून पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर तो पिवळा पक्षी गवताचे धागे विणतो. लोक त्याला सुगरण म्हणतात. विणणारा नर असतो, हे कुणी बघत नाही. विहिरीवर लोंबणारी ती अर्धवट घरटी त्याने शिकताना बिघडवलेली आहेत. एखादे जमले असे वाटले की तो पंख फडफडवून बोलावतो. ती येते, कडेचा एक धागा चोचीने ओढून बघते. धागा सुटतो. ती उडून जाते, आणि तो पुन्हा गवत आणायला जातो.